गेट नसलेले कामगार

बंगळुरूत होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या मधे, अगरा तळ्याच्या बाजूला एचएसआर लेआउट पसरलं आहे. सात सेक्टर, सरळ रस्ते, बंगल्यांमधून थाटलेल्या स्टार्टअप कंपन्या. वरच्या मजल्यावर रात्री उशिरापर्यंत लॅपटॉप चालू असतात आणि खाली फुटपाथलगत डिलिव्हरीची मुलं मोबाइलकडे बघत पुढच्या ऑर्डरची वाट पाहतात. भल्या पहाटे पौरकार्मिक बायका हेच रस्ते झाडून गेलेल्या असतात. होसूर रस्ता ओलांडला की बोम्मनहळ्ळी, म्हणजे शिवणकामाचे कारखाने आणि त्यांत राबणाऱ्या हजारो स्त्रिया. एवढ्याशा परिसरात इतक्या तऱ्हांचे कामगार आहेत. पण यांतल्या बहुतेकांना आपल्या देशात शंभर वर्षांहून जुनी कामगार महासंघांची परंपरा आहे याचा प्रत्यक्ष अनुभव नाही. असं का झालं, याचं उत्तर त्या महासंघांच्या जन्मकथेत सापडतं.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. राष्ट्रीय महासंघ मात्र आणखी तीस वर्षांनी आला, आणि त्याला निमित्त झालं परदेशातल्या एका परिषदेचं. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली, तेव्हा हिंदी कामगारांचा प्रतिनिधी म्हणून सरकारने ना. म. जोशी यांना नेमलं. माणूस उत्तम होता, पण त्यांना कामगारांनी निवडलेलं नव्हतं. प्रतिनिधी ठरवताना देशातल्या प्रातिनिधिक संघटनेशी विचारविनिमय व्हावा, असा नियम होता. मग तशी संघटना हवी! ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एम्पायर थिएटरात अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, स्थापन झाली. अध्यक्ष लाला लजपतराय. पुढाकार घेणाऱ्यांत काका बॅप्टिस्टा आणि जोशी.

पहिली दुफळी नागपूरची. १९२९ च्या अधिवेशनात अध्यक्षपदी जवाहरलाल नेहरू होते. गिरणी संपांतून आलेला कम्युनिस्ट गट जोरात होता, मीरत कटाच्या खटल्यात त्याचे नेते डांगे, मिरजकर, निंबकर तुरुंगात होते. कामगारांच्या स्थितीवर सरकारने नेमलेल्या व्हिटले आयोगावर बहिष्कार घालायचा, जिनिव्हाच्या श्रम संघटनेशी संबंध तोडायचे, असे ठराव आले. जोशी स्वतः त्या आयोगाचे सदस्य. ते आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. त्यांच्या टीकाकारांनी त्यांना सरकारधार्जिणे म्हटलं. मला तो शिक्का अन्यायाचा वाटतो. याच जोशींनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आणलं होतं. ते फेटाळलं गेलं, पण १९२९ मध्ये मुंबई प्रांताने तसा कायदा केला. आयोगाच्या अहवालातूनच पुढे १९३६ चा वेतन अदायगी कायदा झाला. ठराव गाजले; बाईमाणसाच्या पदरात जे पडलं ते कायद्यातून पडलं. १९४० मध्ये फुटलेले गट पुन्हा एकत्र आले आणि सरचिटणीसपदी जोशीच बसले, ही गोष्ट बोलकी आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मात्र पक्षांनी आपापले महासंघ काढले. मे १९४७ मध्ये काँग्रेसची इंटक, १९४८ मध्ये समाजवाद्यांची हिंद मजदूर सभा, १९५५ मध्ये भोपाळला दत्तोपंत ठेंगडींचा भारतीय मजदूर संघ, १९७० मध्ये कम्युनिस्ट फुटीनंतर बी. टी. रणदिवे यांच्या अध्यक्षतेखाली सीटू. ठेंगडी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे, रणदिवे मुंबईचे. नेतृत्वात मराठी माणूस कुठे नव्हता? पण मान्यताप्राप्त संघटनेचा कायदा मुंबईत कसा उलटला, तेही आपणच पाहिलं. १९४६ च्या कायद्याने गिरण्यांत एकाच संघटनेला मान्यता मिळाली, कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला तरी ती टिकली, आणि १९८२ मध्ये कुठल्याच महासंघात नसलेल्या डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले.

बंगळुरूचाही असा एक क्षण होता. डिसेंबर १९८० ते मार्च १९८१, सत्त्याहत्तर दिवस, एचएएल, बीईएल, आयटीआय, एचएमटी, बीईएमएल या सरकारी कारखान्यांचे लाखाहून अधिक कामगार संपावर होते. वेगवेगळ्या झेंड्यांच्या युनियन एका कृती आघाडीत होत्या. मागणी भेलइतक्या पगाराची. ती मान्य झाली नाही. पण हे सगळं शक्य होतं कारण कारखान्याला गेट होतं, आणि गेट मीटिंगला हजारोंची गर्दी जमवता येत होती.

एप्रिल २०१६ मध्ये शिवणकामाच्या कारखान्यांच्या गेटवरची माणसं थेट रस्त्यावर आली. पीएफमधला मालकाचा हिस्सा अठ्ठावन्न वर्षांपर्यंत काढता येणार नाही, असा नियम सरकारने केला होता. चाळिशीत मशीन सोडणाऱ्या बाईसाठी पीएफ म्हणजे मुलीची फी आणि सावकाराचं देणं. १८ एप्रिलला बोम्मनहळ्ळीच्या हजारो बायकांनी होसूर रस्ता अडवला. दुसऱ्या दिवशी आंदोलन पसरलं, जाळपोळ आणि लाठीमार झाला, आणि त्याच दिवशी केंद्राने नियम मागे घेतला. कुठल्याही महासंघाने ती हाक दिलेली नव्हती. हे लिहिताना त्या बायकांबद्दल अभिमान वाटतो आणि महासंघांबद्दल वाईट वाटतं.

आयटीतही हालचाल झाली. २०१७ मध्ये सीटूशी संलग्न कर्नाटक राज्य आयटी/आयटीईएस कर्मचारी संघ नोंदला गेला. २०२४ मध्ये चौदा तासांच्या दिवसाचा प्रस्ताव आला, तेव्हा याच संघाने आवाज उठवला. पण आयटी कंपन्यांना नोकरीच्या अटी ठरवणाऱ्या स्थायी आदेशांच्या कायद्यातून मिळालेली सूट सरकारं पुन्हा पुन्हा वाढवत आली. पौरकार्मिकांनी जुलै २०२२ मध्ये संप करून नियमित नोकरीचं आश्वासन मिळवलं. ज्यांना मालक एकच होता, त्यांना कुणाकडे मागायचं ते माहीत होतं.

फुटपाथवरच्या डिलिव्हरीवाल्याचं तसं नाही. त्याचा मालक मोबाइलच्या पडद्याआड आहे. माझ्या मते त्याच्यासाठी उत्तर कारखान्याच्या गेटवर शोधण्यात अर्थ नाही, ते पुण्या-मुंबईच्या बाजारात आहे. हमालालाही एक मालक नव्हता. आज या व्यापाऱ्याचं पोतं, उद्या त्याचं. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं, आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळ आणलं. कामगाराची नोंदणी मंडळाकडे, व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरणार, त्यातून पीएफ, बोनस, औषधपाणी.

२०२५ चा कर्नाटकचा गिग कामगार कायदा याच वाटेने जातो. प्रत्येक व्यवहारात कामगाराला मिळणाऱ्या रकमेवर एक ते पाच टक्के कल्याण शुल्क कंपनीने भरायचं, कामगाराची नोंदणी मंडळात, कामावरून काढण्याआधी चौदा दिवसांची नोटीस. मोठं पाऊल आहे. पण माथाडी मंडळात दरांवर वाटाघाट होते, मजुरीही मंडळामार्फत मिळते. इथल्या मंडळाच्या हाती दर नाहीत. पावसात चार किलोमीटर जायचे किती पैसे, हे अजून कंपनीच ठरवते. शिवाय मंडळावरचे कामगार प्रतिनिधी सरकार नेमतं, जसं १९१९ मध्ये जोशींना नेमलं होतं. महासंघांचं म्हणाल तर, जुलै २०२५ च्या देशव्यापी संपात दहा केंद्रीय संघटना एकत्र होत्या, भारतीय मजदूर संघ बाहेर होता. त्यांच्यातल्या केंद्राच्या नव्या श्रम संहितांवरच्या मतभेदांवर बोलायला पुष्कळ आहे. पण एचएसआरमधल्या रायडरांची सर्व झेंड्यांना मान्य अशी एक सभासद नोंदवही केली, मंडळावरच्या जागांसाठी त्यांचीच निवडणूक मागितली आणि किलोमीटरच्या दराचं मागणीपत्र पुढे ठेवलं, तर महासंघांना करण्यासारखं काम याच फुटपाथवर आहे.