शाईचित्राचा कागद आणि त्याची पाठ

तुमसर येथील एका उपासकाने शाईने रेखाटलेले भगवान बुद्धांचे चित्र विहारास दान दिले होते. ते आम्ही बाजारातील पांढऱ्या गोंदाने पुठ्ठ्यावर चिकटविले. पावसाळा सरेपर्यंत त्यावर सुरकुत्या उमटल्या आणि सोडविताना चित्र फाटले. दोष चित्रकाराचा नव्हता, आमचाच होता. म्हणून हे विवेचन.

पूर्व आशियातील चित्रांच्या कागदास पाश्चात्त्य लोक ‘तांदळाचा कागद’ म्हणतात. आपल्या धानाच्या मुलुखात या नावाचे कौतुक वाटेल, परंतु तो तांदळाचा नसतो. चीनच्या आन्हुई प्रांतातील श्वान कागद एका विशिष्ट झाडाची साल व धानाचे तणस यांपासून होतो. जपानी कागदात बहुधा कोझो या तुतीच्या कुळातील झाडाची साल असते. सालीचे लांब तंतू हेच या कागदांचे बळ होय.

श्वान कागद कच्चा व पक्का अशा दोन प्रकारांचा असतो. कच्चा कागद शाई तत्काळ शोषतो. उमटलेला फटकारा पुसता येत नाही. पक्क्यास तुरटी व सरस दिलेला असल्याने शाई पसरत नाही, म्हणून बारीक रेखाटनास तो योग्य. मात्र तुरटीच्या आम्लतेने तो कालांतराने ठिसूळ होतो. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा: पसरला तर कागद कच्चा, तसाच राहिला तर पक्का. सरावासाठी आपल्याकडील सुती चिंध्यांचा हातकागदही याच परीक्षेने निवडावा.

जपानी चित्रकार अराई कांपो यांनी १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्यास येऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या १९२३ च्या महाभूकंपात तोक्योत नष्ट झाल्या. तशा आपत्तीपुढे इलाज नाही, पण ओल व कीड यांचा बंदोबस्त आपल्या हाती आहे.

चित्र पुठ्ठ्यावर चिकटवू नये, त्यास पातळ कागदाची पाठ द्यावी. कणकेचा गोळा पाण्यात धुतला असता चिकट भाग हाती उरतो व पांढरे सत्त्व तळाशी बसते. त्या सत्त्वाची खळ शिजवून ताकाइतकी पातळ करावी. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात. त्याने कीड लागत नाही हे खरे, पण तांबे कागदास झिजविते, तेव्हा येथे ते वर्ज्य. चित्र गुळगुळीत फळीवर पालथे ठेवून किंचित ओलवावे, खळ लावलेला कागद त्यावर टाकावा आणि मध्यापासून कडांकडे कोरड्या कुंचल्याने हवा काढावी. मग पाठीच्या कागदाच्या दोन बोटे बाहेर राहिलेल्या कडा तेवढ्या उभ्या फळीस चिकटवाव्यात. वाळताना कागद आपोआप ताणला जातो. काजळी व सरसाच्या वडीची शाई वाळल्यावर सहसा फुटत नाही. बाटलीतील शाईची परीक्षा मात्र आधी करावी.

या खळीचा मोठा गुण असा की ती पुन्हा पाण्याने सुटते. पन्नास वर्षांनी पाठ जीर्ण झाली तरी चित्र न दुखावता नवी देता येईल. आमच्या गोंदाने ती वाटच बंद केली होती.

जपानात गुंडाळीचित्र बारमाही टांगत नाहीत. आपणही वर्षावासाचे तीन महिने ते उतरवून, सैल गुंडाळून, सुती कापडात कोरड्या पेटीत ठेवावे.