तबकडी कपाटात की ग्रंथालयात?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी जगाला जॅझ संगीत दिले. गुलामगिरीचे जोखड कायद्याने उतरले तरी माणूस म्हणून ज्यांना नाकारले गेले, त्यांच्या वस्त्यांतून न्यू ऑर्लिन्स शहरात हे संगीत जन्माला आले. परंतु जॅझची पहिली तबकडी १९१७ साली बाजारात आली, ती गोऱ्या वादकांच्या चमूची! ज्या बडी बोल्डेनला जॅझच्या आद्य वादकांत मानाचे स्थान दिले जाते, त्याच्या कॉर्नेटचा एकही सूर आज ऐकायला मिळत नाही. १९०७ साली त्याला मनोरुग्णालयात टाकण्यात आले आणि १९३१ साली तो तेथेच मरण पावला. किंग ऑलिव्हरच्या चमूच्या तबकड्या निघायला १९२३ साल उजाडावे लागले. ज्यांची नोंद नाही त्यांचा इतिहास पुसला जातो, हे आम्हाला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही.

पुढे कंपन्यांनी कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ नावाची वेगळी यादी काढली. म्हणजे गाण्यालाही वेगळा पाणवठा! साथीच्या वादकांची नावे तर तबकडीवर बहुधा नसतच. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला. तबकड्यांसाठी लागणारी ही लाख मुख्यतः भारतातून जात असे. तेव्हा जुन्या तबकड्या गोळा करून भट्टीत घालण्यात आल्या.

या पडझडीतून जे वाचले, त्यात खाजगी संग्राहकांचा मोठा वाटा आहे. जुन्या बाजारात धुंडाळून त्यांनी तबकड्या जमवल्या. जिवंत असलेल्या वादकांना विचारून कोणत्या गाण्यात कोण वाजवतो, याच्या याद्या केल्या. मार्शल स्टर्न्स हे इंग्रजी साहित्याचे गोरे प्राध्यापक. १९५२ साली त्यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या राहत्या घरातच जॅझ अभ्यास संस्था सुरू केली. १९६६ साली हा संग्रह त्यांनी नेवार्क येथील रटगर्स विद्यापीठाच्या हवाली केला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. आज तेथे एक लाखाहून अधिक ध्वनिमुद्रणे आहेत.

संग्राहकाच्या माघारी वारसांना तबकड्यांची किंमत कळेलच असे नाही. भंगारवाला मात्र दारात उभाच असतो. म्हणून अशा दानाचे आम्ही स्वागत करतो. मात्र आमचे दोन आग्रह आहेत. पहिला असा, की दात्याची पाटी भिंतीवर खुशाल लागावी, पण यादीत पहिले नाव वादकाचे असावे. दुसरा असा, की दान स्वीकारणाऱ्या ग्रंथालयाने सूची करणारा माणूस नेमावा आणि तबकडी वाजवण्याची सोय ठेवावी. नाहीतर एका कपाटातून दुसऱ्या कपाटात, एवढाच काय तो प्रवास!

आता आपल्याकडे पाहू. आंबेडकरी जलशांनी आणि वामनदादा कर्डकांसारख्या (१९२२-२००४) कवींनी बाबासाहेबांचा विचार अक्षरओळख नसलेल्यांपर्यंत नेला. गावोगावच्या गायन पार्ट्यांच्या कॅसेटी आणि हस्तलिखित वह्या आजही अनेक घरांत ट्रंकेत पडून आहेत. कॅसेटची फीत बुरशीने जाते, वाजवायला टेपरेकॉर्डर उरलेले नाहीत. बांधवांनी ही ट्रंक एकदा उघडावी. गायक, ढोलकीवाला, गाव, साल, जे आठवेल ते कागदावर लिहावे आणि तो कागद कॅसेटसह सर्वांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात द्यावा. सांगणारी म्हातारी माणसे आहेत तोवरच हे काम होईल.