संगणक कोरा करण्यापूर्वीं

मूल व आसपासच्या धानपट्टींत पावसाळा लागला कीं शेतकरी प्रथम एका लहानशा बांधींत पऱ्हे टाकतो. ते वाढले कीं उपटून त्यांच्या पेंढ्या बांधतो, इतर बांध्यांची चिखलणी करतो, आणि मग रोवणी लागते. पऱ्हे उपटण्यापूर्वींच कोणीं त्या बांधींतून नांगर फिरविला, तर शेत स्वच्छ दिसेल खरें. पण रोवावयास हातीं कांहींच उरणार नाहीं. संगणक कोरा करून त्यावर सर्व कांहीं नव्यानें बसवितांना अनेक घरांत व शाळांत हाच प्रकार घडतो. म्हणून त्याविषयीं चार शब्द आमच्या विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं लिहीत आहों.

संगणकाचें सर्व काम ज्या मूळ व्यवस्थेच्या आधारानें चालतें, तीस कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही त्यांतील सर्वांच्या परिचयाची. कार्यप्रणाली कालांतरानें मंदावते, व्हायरसनें दूषित होते, किंवा जुनी झाल्यामुळें बदलणें भाग पडतें. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केली, तेव्हांपासून तर हा प्रसंग पुष्कळांवर आला आहे. कोणी विंडोज ११ घेतात, कोणी लिनक्सकडे वळतात. मार्ग कोणताहि असो, हार्ड डिस्क पुसून नवी मांडणी करावयाची म्हटली कीं आधींचें सारें जातें.

अशा वेळीं पत्रें, छायाचित्रें, प्रश्नपत्रिका व हिशेब यांची नक्कल करून ठेवण्याचें बहुतेकांस सुचतें. ज्या दुसऱ्या संपत्तीचा विसर पडतो, ती म्हणजे प्रत्येक प्रोग्रामला आपण आपल्या संवयीनुसार लावलेलें वळण, अर्थात् त्याचीं सेटिंग्ज. मराठी लिहिण्याचा कळफलक कोणता, कागदाचा समास किती, कोणतीं अक्षरें टंकलीं असतां कोणता शब्द आपोआप उमटावा, कोणत्या संकेतस्थळांच्या खुणा जपल्या आहेत, हें सर्व त्यांत येतें. हें वळण एका दिवसांत लागत नाहीं. वर्षानुवर्षें एकेक गोष्ट बदलत तें तयार होतें, आणि म्हणूनच एकदां गेलें कीं केवळ स्मरणानें पुन्हां उभें करणें कठीण जातें.

एक उदाहरण घेऊं. आमच्या झाडीबोलींतील एखादा शब्द शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामच्या कोशांत नसला, तर तो त्याखालीं तांबडी रेघ ओढतो. लिहिणारानें ‘हा शब्द कोशांत घाला’ अशी आज्ञा केली कीं तो शब्द एका खाजगी यादींत जातो. वर्डमध्यें ही यादी ‘कस्टम’ नांवाच्या लहानशा फाइलींत असते; लिबरऑफिसमध्यें ती ‘वर्डबुक’ नांवाच्या फोल्डरांत असते. झाडीबोलींतील गाणीं वा नाटकें उतरवून घेणाऱ्या एखाद्या शिक्षकानें दोन वर्षांत असे पांचशें शब्द शिकविले असतील, तर तो एक छोटा शब्दसंग्रहच झाला. तो सारा अगदीं इवल्याशा फाइलींत मावतो, आणि डिस्क पुसतांना कोणाच्या ध्यानींमनीं नसतां नाहींसा होतो.

अशा फाइली विंडोजमध्यें बहुतांशीं वापरणाराच्या नांवाच्या फोल्डरांतील ‘ॲपडेटा’ या भागांत असतात, आणि तो भाग दृष्टीआड ठेवलेला असतो. लपविलेल्या वस्तु दाखविण्याची सोय फाइल एक्सप्लोररमधील ‘व्ह्यू’ या मथळ्याखालीं आहे. लिनक्समध्यें अशा फोल्डरांच्या नांवाआधीं टिंब असतें, एवढाच भेद. विंडोज ‘रीसेट’ करतांना आपल्या फाइली राखण्याचा पर्याय मिळतो. त्यानें कागदपत्रें राहतात, परंतु आपण बसविलेले प्रोग्राम व बदललेलीं सेटिंग्ज जातात, हें ध्यानांत असावें.

मराठी लिहिणारांस आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते, ती फॉन्टची. १९९१ सालीं युनिकोड या जागतिक प्रमाणाची पहिली आवृत्ति निघाली व तींत देवनागरीस स्वतंत्र जागा मिळाली. तरी त्यानंतरहि अनेक वर्षें आपल्याकडे रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी आकृति बसविलेले फॉन्ट वापरांत होते. अशा फॉन्टांतील मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्यास, अर्थहीन रोमन अक्षरांची रांग होऊन दिसतो. हे फॉन्ट सामान्यतः कार्यप्रणालीच्याच फोल्डरांत असल्यामुळें तिच्याबरोबर पुसले जातात. शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका जपल्या आणि फॉन्ट गमावला, तर पेटी राहून किल्ली हरविल्यासारखें होतें.

तेव्हां तयारी पुढील क्रमानें करावी. प्रथम वहींत यादी लिहावी: कोणते प्रोग्राम आहेत, त्यांच्या परवान्यांचे क्रमांक काय, प्रिंटर कोणता. डिस्क बिटलॉकरनें कुलुपबंद असेल तर तिची ४८ अंकी किल्लीहि उतरून घ्यावी. दुसरें, ज्या प्रोग्राममध्यें सेटिंग्ज ‘एक्स्पोर्ट’ करण्याची सोय आहे, तेथें तिचाच उपयोग करावा. ब्राउझरांतील खुणा अशाच एका फाइलींत उतरवितां येतात. तिसरें, जेथें ती सोय नाहीं, तेथें प्रोग्राम पूर्ण बंद करून त्याच्या संपूर्ण फोल्डरची नक्कल करावी; चालू प्रोग्रामची नक्कल अर्धवट उतरण्याचा संभव असतो. चवथें, ही नक्कल बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवावी. ‘डी’ भागांत ठेवली म्हणजे झालें, अशी समजूत आढळते. परंतु ‘सी’ व ‘डी’ हे पुष्कळदां एकाच डिस्कचे दोन भाग असतात, आणि सबंध डिस्क पुसली गेली तर दोन्ही जातात. पांचवें, ती नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, आणि मगच पुसण्यास अनुमति द्यावी.

नवी मांडणी झाल्यावर मात्र राखलेलें सर्व एकदम परत ओतूं नये. क्वचित् बिघाडाचें मूळ जुन्या सेटिंग्जमध्येंच असतें. तें परत आणल्यास बिघाडहि परत येतो. एकेक वस्तु आणावी, काम नीट चालतें कीं नाहीं हें पाहावें, आणि मग पुढची आणावी. तसेंच ब्राउझरच्या फोल्डरांत साठविलेले पासवर्डहि येतात. फायरफॉक्समध्यें तर त्यांच्या दोन फाइली असतात आणि दोन्ही एकत्र असल्या तरच पासवर्ड वाचतां येतात. म्हणून त्या दोन्ही घ्याव्या, आणि तो पेनड्राइव्ह घराच्या किल्ल्यांप्रमाणें सांभाळावा.

दुरुस्ती करणारा कारागीर आपलें काम चोख करील. परंतु आपण कोणते शब्द शिकविले आणि कोणत्या खुणा जपल्या, हें त्यास ठाऊक नसतें. तें आपणच त्यास सांगितलें पाहिजे. पुष्कळ घरांत संगणकाची माहिती वडील माणसांपेक्षां मुलांसच अधिक असते. तेव्हां आमच्या विद्यार्थ्यांनीं ही यादी आजच वहींत लिहून ठेवावी, आणि घरांतील वडीलधाऱ्यांस त्यांच्या संगणकांत काय काय जपण्यासारखें आहे, हें एकदां विचारून घ्यावें.