मोटर बदलण्याआधी: गाडीच्या काचेचा करंट कुठे अडतो?

व्याख्यान म्हटलं की लोक इतिहास, आरोग्य, गुंतवणूक असा काहीतरी विषय मनात धरून येतात. आम्ही गॅरेजवाली माणसं, त्यामुळे आज गाडीच्या काचेवर बोलणार आहोत. तसं आपलं शहर गाड्यांचंच. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, शेंद्र्यात स्कोडाचा आहे, आणि सुटे भाग बनवणारी छोटी युनिटं तर गल्लोगल्ली. तरीही बटण दाबून काच हलली नाही, की आपल्याला बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकायला मिळतं: ‘मोटर गेली, बदलावी लागेल.’ हे वाक्य तपासून कसं पाहायचं, एवढंच आज सांगायचं आहे.

एका मे महिन्यात वेरूळच्या फेऱ्या करणारे एक टॅक्सीवाले काका आमच्याकडे आले. डावीकडची मागची काच मधूनच बंद पडायची. दुसरीकडे दोनदा मोटर बदलून झाली होती. त्या दिवशी एसी बंद होता, दौलताबादच्या दरवाजापाशी गाड्या अडकल्या, मागे एक आजी आणि नातू बसलेले, आणि काच उघडेना. आजींना भोवळ आली. पाणी पाजून, सावलीला बसवून निभावलं. काकांचं म्हणणं होतं, ‘तिसरी मोटर टाका, पण चांगली टाका.’ आम्ही मोटर टाकली नाही. बिघाड मोटरमध्ये नव्हताच. तो कुठे सापडला ते पुढे येईलच.

आधी करंटचा रस्ता पाहू. बॅटरीतून निघाला की फ्यूज, मग बहुतेक गाड्यांत रिले, तिथून ड्रायव्हरच्या दारावरचा मुख्य स्विच, मग त्या-त्या दाराचा स्विच, आणि शेवटी मोटर. मोटरला दोन तारा असतात. एकीला प्लस आणि दुसरीला अर्थ मिळाला की काच वर जाते. स्विचने तेच उलटं केलं की खाली येते. म्हणजे करंट नुसता पोचून चालत नाही, परत जायलाही वाट लागते. बऱ्याच गाड्यांत ही परतीची वाट ड्रायव्हरच्या स्विचमधूनच जाते. म्हणून कधी कधी दुखणं पुढच्या दारात असतं आणि बंद पडते मागची काच.

आता आपली नहर आठवा. मलिक अंबरच्या काळातली ती जमिनीखालची नहर, तिला ठिकठिकाणी मॅनहोल आहेत. शेवटी पाणी आलं नाही तर अख्खी नहर खणायची गरज नाही. मधलं मॅनहोल उघडायचं. तिथे पाणी असेल तर अडथळा पुढे, नसेल तर मागे. गाडीत आपले मॅनहोल म्हणजे कपलर.

पण कपलर उघडण्याआधी फुकटातल्या तपासण्या करा. पहिली, मागच्या काचा बंद ठेवणारं लॉकचं बटण दाबलेलं नाही ना? हसू नका, या एका बटणासाठी गाड्या गॅरेजपर्यंत येतात. दुसरी, चारही काचा बंद आहेत की एकच? चारही बंद असतील तर फ्यूज, रिले, मुख्य स्विच किंवा सामाईक अर्थ पाहा. एकच काच ड्रायव्हरकडून चालते पण स्वतःच्या बटणाने चालत नाही, तर संशय त्या दाराच्या बटणावर. उलट असेल तर मुख्य स्विचवर. दोन्हीकडून चालत नसेल तर त्या दाराची मोटर किंवा तिथपर्यंतची वायरिंग.

तिसरी तपासणी कानांची आणि डोळ्यांची. रात्री आतला दिवा लावून बटण दाबा. दिवा किंचित मंदावला, पण काच हलली नाही, तर करंट मोटरपर्यंत जातोय आणि काहीतरी जाम आहे. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच जागची हलत नाही, तर काचेच्या मशीनची केबल तुटली असण्याची शक्यता जास्त. ना आवाज, ना दिवा मंद, तर वाट कुठेतरी तुटली आहे.

मग मल्टिमीटर घ्या. इथेच बरेच जण फसतात. कपलर काढून मोकळ्या तारांवर मीटर लावलं, १२ व्होल्ट दिसले, आणि निकाल दिला: ‘सप्लाय आहे, मोटर गेली.’ थांबा. नळाला पाणी येतं त्या दिवशीचं आठवा. नळ बंद असताना पाइपात दाब असतो. नळ उघडला की मात्र करंगळीएवढी धार! कारण मध्ये पाइप गंजून बारीक झालेला असतो. तारेचंही तसंच. दहा धाग्यांपैकी एकच धागा शाबूत असला तरी मीटरला १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. मोटरला मात्र काही अँपिअर लागतात, आणि तेवढा करंट त्या एका धाग्यातून जाऊ शकत नाही.

म्हणून कपलर जोडलेलाच ठेवून, मागच्या बाजूने टोक लावून, बटण दाबलेल्या स्थितीत मोजा. मोटरच्या दोन तारांमध्ये मोजा, तार आणि बॉडी यांच्यात नाही. नाहीतर तुटलेली अर्थची तार कळणारच नाही. तिथे पूर्ण व्होल्टेज आहे, काच कुठे अडकलेली नाही आणि तरी मोटर गप्प, तर मोटर खरोखर गेली. ४-५ व्होल्टच मिळाले, तर मोटर बिचारी उपाशी आहे. मीटर नसेल तर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब त्या दोन तारांना जोडा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. नुसता लाल तांबूस पेटला, की समजा वाट बारीक झाली आहे.

काकांच्या गाडीत बल्ब असाच पेटला. मग आम्ही दार आणि खांब यांच्यामधला रबरी बूट हातात धरला आणि दार हळूहळू हलवलं. एका कोनात बल्ब लख्ख, दुसऱ्या कोनात बंद. टॅक्सीचं डावीकडचं मागचं दार दिवसातून कितीदा उघडतं विचार करा. प्रत्येक वेळी त्या बुटातली तार वाकते. वरचं प्लॅस्टिक चांगलं होतं, आतलं तांबं तुटलं होतं. दोन्ही जुन्या मोटरी ठणठणीत होत्या! आम्ही नवी लवचिक तार ओवली आणि जोड बुटाच्या बाहेर घेतले. बुटाच्या आत डाग दिला तर तार तिथे कडक होते आणि पुन्हा तिथेच तुटते.

आता सावधगिरी. फ्यूज उडाला तर जास्त अँपिअरचा घालू नका, तार तर मारूच नका. फ्यूजऐवजी वायरिंग जळेल. दाराचं पॅड काढलं तर काच चिकटपट्टीने बांधून ठेवा, आणि हात आत असताना कुणाला बटण दाबू देऊ नका. पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावायचा नाही. नव्या गाड्यांत काच कंट्रोल युनिटवर चालते. तिथल्या बारीक सिग्नल तारांना बल्ब लावायचा नाही. आणि पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद फाडून टाकू नका. पावसाचं पाणी कपलरवर येऊ नये म्हणून तो असतो.

(श्रोत्यांतून प्रश्न: काच हळू चढते, मध्येच थांबते, दहा मिनिटांनी पुन्हा चालते. हे काय?)

चांगला प्रश्न. बऱ्याच मोटरींत तापल्यावर करंट तोडणारी सोय असते. गार झाली की पुन्हा चालते. मोटर का तापते ते शोधा. आपल्याकडे धूळ भरपूर. काचेचं रबर कोरडं पडून आवळतं. ते स्वच्छ करून सिलिकॉन स्प्रे मारा, ग्रीस नको, त्यावर धूळ चिकटते. तरी काच हळूच चढली, तर बटण दाबून व्होल्टेज मोजा.

गॅरेजात जाल तेव्हा भांडू नका. फक्त विचारा, ‘भाऊ, कपलर जोडून, बटण दाबून मोजलं का?’ मोजलं नसेल तर तुमच्यासमोर मोजायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि उन्हाळ्यात मागे लहान मूल किंवा म्हातारं माणूस बसणार असेल, तर निघण्याआधी चारही काचा एकदा खाली-वर करून पाहा.