बन्नूर मेंढीपालन आणि प्राप्तिकर : शेतीचे उत्पन्न कोणते, व्यवसायाचे कोणते?

म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपुर तालुक्यातील बन्नूर हे गाव कावेरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या भात-उसाच्या पट्ट्यात असले, तरी त्याचे नाव सर्वदूर पोहोचले ते मेंढीमुळे. मंड्या किंवा बंडूर या नावांनीही ओळखली जाणारी ही जात लहान चणीची, बिनशिंगी आणि भरीव मांड्यांची असून तिच्या मांसाला विशेष मागणी असते. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने मेंढी-सुधारणेच्या कामात दख्खनी जातीबरोबर बन्नूर जातीचाही उपयोग केला. त्यामुळे महाराष्ट्रातील मेंढीपालकांनाही ती परिचित आहे. जातिवंत नराला चांगला भाव मिळू लागला, की उलाढाल वाढते आणि तिच्याबरोबर प्राप्तिकराचा प्रश्नही पुढे येतो.

मेंढीपालन ‘शेती’ नव्हे

‘मेंढीपालन हा शेतीचा जोडधंदा आहे, म्हणून तो करमुक्त आहे’ असा समज सर्वत्र आढळतो. कायद्याची भूमिका वेगळी आहे. राजा विनयकुमार सहस राय प्रकरणात 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नांगरणी, पेरणी, लागवड यांसारखी जमिनीवरील मूलभूत कामे झाल्याशिवाय उत्पन्नाला शेतीचे स्वरूप येत नाही. केवळ जमिनीशी संबंध आहे म्हणून पशुपालन, दुग्धव्यवसाय वा कुक्कुटपालन शेतीत मोडत नाही. रेशीमशेतीबाबतही हाच निकष लागतो : तुतीची लागवड ही शेती, परंतु पाला खाऊ घालून रेशीमकिडे वाढविणे व कोष विकणे ही शेती नव्हे.

त्यामुळे एकाच कुटुंबाच्या उत्पन्नाचे दोन भाग पडतात. भात, ऊस किंवा विकलेला हिरवा चारा यांचे उत्पन्न शेतीचे. कोकरे, पैदाशीचे नर, लोकर, लेंडीखत यांची विक्री आणि दुसऱ्याच्या शेतात मेंढ्या बसविण्याचा मोबदला हे व्यवसायाचे उत्पन्न. हे सारे ‘शेती उत्पन्न’ म्हणून दाखविल्यास तपासणीत कर व व्याजाबरोबरच दंडाचाही भार येऊ शकतो. उत्पन्न कमी दाखविल्यास त्यावरील कराच्या 50 टक्के आणि जाणूनबुजून चुकीचे दाखविल्यास 200 टक्के दंडाची तरतूद 1961 च्या कायद्यात आहे.

शेती उत्पन्नाचा अप्रत्यक्ष परिणाम

शेती उत्पन्न करमुक्त असले, तरी ते 5,000 रुपयांहून अधिक आणि इतर उत्पन्न मूळ सूट मर्यादेहून अधिक असेल, तर कराचा दर ठरविताना ते विचारात घेतले जाते. आर्थिक वर्ष 2025-26 साठी नव्या करप्रणालीत ही मर्यादा 4 लाख रुपये आहे. 12 लाखांपर्यंतच्या एकूण उत्पन्नावर 60,000 रुपयांपर्यंत करसवलत मिळते.

एक उदाहरण पाहू. मेंढीपालनाचा निव्वळ नफा 11 लाख आणि शेती उत्पन्न 4 लाख रुपये आहे. प्रथम एकूण 15 लाखांवरील कर काढावा : 1,05,000 रुपये. नंतर शेती उत्पन्नात मूळ सूट मिळवून होणाऱ्या 8 लाखांवरील कर काढावा : 20,000 रुपये. यांतील फरक 85,000 रुपये. त्यातून 60,000 रुपयांची सवलत वजा जाता 25,000 रुपये उरतात आणि 4 टक्के उपकरासह 26,000 रुपये भरावे लागतात. शेती उत्पन्न नसते, तर याच नफ्यावर कर शून्य झाला असता. ‘12 लाखांपर्यंत करच नाही’ हे वाक्य शेतकरी कुटुंबाने म्हणूनच जपून वापरावे.

अनुमानित उत्पन्नाची सोय

वार्षिक उलाढाल 2 कोटी रुपयांपर्यंत असल्यास तपशीलवार हिशेबपुस्तकांऐवजी अनुमानित उत्पन्नाचा पर्याय घेता येतो. रोख विक्रीच्या 8 टक्के आणि बँक वा डिजिटल मार्गाने आलेल्या विक्रीच्या 6 टक्के इतका नफा किमान गृहीत धरला जातो. 30 लाखांच्या विक्रीपैकी 20 लाख बँकेतून व 10 लाख रोख आले, तर किमान उत्पन्न 2 लाख रुपये ठरते. प्रत्यक्ष नफा यापेक्षा अधिक असल्यास तो अधिकच दाखवावा. या पर्यायात आगाऊ कर लागू असल्यास तो 15 मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. मात्र शेती उत्पन्न 5,000 रुपयांहून अधिक असल्यास ‘सुगम’ हे सोपे विवरणपत्र चालत नाही.

प्रत्यक्ष हिशेब ठेवणाऱ्यास अन्य लाभ मिळतात. पैदाशीसाठी ठेवलेली मेंढी मेली किंवा कायमची निकामी झाली, तर तिची खरेदी किंमत आणि हाती आलेली रक्कम यांतील फरक खर्च म्हणून वजा करता येतो. गोठ्यावर घसाराही मिळतो. ज्या वर्षी रोगाने कळप घटतो, त्या वर्षी ही तरतूद मोलाची ठरते.

रोखीचे नियम

बकरी ईदच्या हंगामात मोठे व्यवहार रोखीने होतात. एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एकाच व्यवहारापोटी 2 लाख रुपये वा अधिक रोख स्वीकारल्यास तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो. 20,000 रुपये वा अधिक हातउसने रोखीने घेऊ नयेत. जिवंत मेंढ्यांवर वस्तू व सेवा कर नाही. केवळ अशीच करमुक्त विक्री करणाऱ्यास त्याची नोंदणीही करावी लागत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

पशुपालकांच्या बैठकीत पुढील सवयींचा आग्रह धरावा :

- शेती व मेंढीपालन यांसाठी शक्यतो स्वतंत्र बँक खाती ठेवावीत.
- जन्म, मृत्यू, खरेदी व विक्री यांची कळपवही तारखेनुसार भरावी.
- पिकाच्या विक्रीपावत्या व जमिनीचे उतारे एकत्र जपावेत.
- घरच्या चाऱ्याचे क्षेत्र व अंदाजे उत्पादन नोंदवावे.

1 एप्रिल 2026 पासून प्राप्तिकर कायदा, 2025 लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. 2025-26 चे विवरणपत्र मात्र जुन्याच कायद्यानुसार भरावयाचे आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात मेंढी-शेळी प्रकल्पांना 50 टक्के भांडवली अनुदान आहे. त्यासाठी बँकेचे कर्ज मागताना नियमित विवरणपत्रे व नीट भरलेली कळपवही हीच पशुपालकाची पत ठरते. कर वाचविणे म्हणजे उत्पन्न लपविणे नव्हे. कायद्याने दिलेली सवलत योग्य नोंदींच्या आधारे घेणे हेच खरे करनियोजन होय.