जमिनीवर अर्धंच होणारं ट्यूनिंग
माझदाच्या १३बी रोटरी इंजिनात ना पिस्टन, ना व्हॉल्व्ह. दोन त्रिकोणी रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी. मोटारीसाठी घडवलेलं हे इंजिन अमेरिकेतले काही हौशी लोक स्वतः बांधलेल्या विमानात बसवतात. ते मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या आसपास जोर दाखवतं, प्रोपेलरला तो वेग झेपत नाही; म्हणून मध्ये वेग उतरवणारा गिअरबॉक्स लागतो.

अशा एका विमानाची शेपटी दोराने बांधून, चाकांना अडण्या लावून माझा मित्र ट्यूनिंग करत होता आणि शेजारच्या सीटवर मी लॅपटॉप धरून बसलो होतो. पडद्यावर इंधनाचा तक्ता: आडव्या ओळीत फेरे, उभ्या ओळीत मॅनिफोल्डचा दाब. प्रत्येक चौकटीत किती पेट्रोल सोडायचं, तो आकडा.

थ्रॉटल पुढे जाताना इंजिन एका ठरावीक जागी अडखळायचं. कमी जोरावर प्रत्येक रोटरला एकच इंजेक्टर पेट्रोल पुरवतो. पुढे दुसरा सामील होतो आणि दोघांच्या उघडण्याचा वेळ निम्मा होतो. पण इंजेक्टरला उघडायला लागणारा क्षण तेवढाच राहतो, म्हणून नेमकं तिथे पेट्रोल कमी पडतं. ऑक्सिजन सेन्सरवरचा हवा-पेट्रोल प्रमाणाचा आकडा साडेबारावरून पंधराच्या वर उडी मारायचा. मित्राने त्या क्षणाची भरपाई थोडी वाढवली, पुन्हा थ्रॉटल सरकवला, पुन्हा वाढवली. मध्येच तेल तापलं की इंजिन बंद करून थांबायचं. उभ्या विमानाच्या कूलरला पुरेशी हवा मिळत नाही.

भरल्या जोरात मिश्रणात पेट्रोल कमी पडलं आणि स्फोटक ज्वलन झालं, तर रोटरच्या टोकाची सील तुटू शकते. त्यामुळे आधी जास्त पेट्रोल देऊन मग हळूहळू कमी करत येणं, हीच मला योग्य रीत वाटते. ट्यूनिंगसाठी पेट्रोलही शिसेविरहित हवं; विमानाच्या शिसेयुक्त इंधनाने सेन्सर खराब होतो.

खरी अडचण वेगळीच आहे. प्रोपेलरची पाती स्थिर कोनाची असली, की जमिनीवर दाब आणि फेरे एकमेकांना बांधलेले राहतात. तक्त्यातली एक तिरकी पट्टीच भरते. उतरताना थ्रॉटल मिटलेला आणि फेरे मात्र चढे, त्या चौकटी हवेतच सापडतात. त्या उड्डाणांना मित्र एकटा गेला. मी नंतर नोंदी वाचल्या आणि अंदाजाने भरलेले कितीतरी आकडे बदलावे लागलेले पाहिले.

अमेरिकेत स्वतः बांधलेल्या विमानात प्रमाणित इंजिन-प्रोपेलर जोडी असेल तर सहसा २५ तासांचं चाचणी-उड्डाण ठरवून देतात, अशा मोटारीच्या इंजिनाला ४०. कोणी हे काम हाती घेत असेल तर एवढंच सांगेन: ते ४० तास विमानतळाभोवती घिरट्या घालण्यात संपवू नका, तक्त्याच्या न पाहिलेल्या चौकटींसाठी वापरा.