सात किलोवॅटचं दशक

आमच्या वस्तीजवळच्या सुपरमार्केटने गेल्या महिन्यात वाहनतळावरचे चार्जिंगचे सगळे मंद खांब उपटून टाकले. सात-सात किलोवॅटचे होते. आता दरवाजाजवळ घरघरणाऱ्या पंख्यांची उंच कपाटं उभी आहेत. ती वीस-पंचवीस मिनिटांत गाडी भरून देतात आणि युनिटमागे पंचाहत्तर पेन्सच्या आसपास घेतात. घाईत असलेल्याची सोय झाली, हे मान्य. पण मिल्टन कीन्समध्ये फ्लॅटात राहणाऱ्या, घरापुढे स्वतःची पार्किंगची जागा नसलेल्या आमच्यासारख्यांना परवडणारं जे एक साधन होतं, ते गेलं. ब्रिटनमधल्या साधारण एक तृतीयांश घरांची स्थिती आमच्यासारखीच आहे. त्यांच्या वतीने कुणी हिशेब मागताना दिसत नाही, म्हणून मी मांडते आहे.

सुरुवातीची वर्षं भराभर ओलांडते. २००४ पासून बंगळुरूत बनलेली विजेची छोटी गाडी ‘रेवा’ लंडनच्या रस्त्यांवर ‘जी-विझ’ या नावाने दिसू लागली. लंडनच्या मध्यभागी गाडी नेण्याचा कर, कंजेशन चार्ज, तिला माफ होता, म्हणून लोक ती घेत. २००६ मध्ये वेस्टमिन्स्टर कौन्सिलने रस्त्याकडेला चार्जिंगचे खांब बसवले. २०१०च्या सुमारास सरकारची ‘प्लग्ड-इन प्लेसेस’ योजना आली, आणि तिच्या पहिल्या तीन ठिकाणांत लंडन आणि ईशान्य इंग्लंडबरोबर आमचं मिल्टन कीन्सही होतं. २०११ पासून नव्या विजेच्या गाडीवर पाच हजार पौंडांपर्यंत अनुदान सुरू झालं. फलक खूप लागले, भाषणं खूप झाली. रस्त्यात गाड्या मोजक्याच होत्या आणि प्रत्येक कंपनीच्या खांबाला वेगळं कार्ड लागायचं. त्या वर्षांत माझं मन रमत नाही.

रमतं ते पुढच्या दशकात. २०१३ पासून निसानची ‘लीफ’ सन्डरलंडच्या कारखान्यात बनू लागली, आणि दोन-तीन वर्षांत सेकंड हॅण्ड लीफ आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आली. चोवीस युनिटांची बॅटरी, थंडीत हीटर लावला की जेमतेम साठ-सत्तर मैल. आमच्याकडे ती आली तेव्हा घरात पहिला प्रश्न हाच होता की भरायची कुठे. दुसऱ्या मजल्यावरून केबल खाली सोडायला इमारतीच्या व्यवस्थापनाची परवानगी नव्हती, आणि ते बरोबरच होतं. उत्तर दुकानाच्या वाहनतळावर मिळालं.

मंद चार्जर स्वस्त का असतो, ते इथेच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बॅटरीला डीसी वीज लागते आणि तारेतून एसी येते. सात किलोवॅटच्या खांबापुढे हा बदल गाडीच्या पोटातला कन्व्हर्टर करतो. खांबात असतं ते एवढंच: सुरक्षेचा स्विच, मीटर आणि गाडीशी बोलणारं एक छोटं सर्किट. २३० व्होल्ट, ३२ अँपिअर, एक फेज. इंग्लंडमधल्या घरातल्या इलेक्ट्रिक शॉवरला साधारण एवढीच वीज लागते. जलद चार्जरमध्ये मात्र तो सगळा बदल कपाटात होतो. मग कपाट महाग, त्याला थंड ठेवायला पंखे, तीन फेजची जाड केबल, आणि दीडशे किलोवॅटची दोन-चार कपाटं एकत्र आली की पुष्कळदा नवं रोहित्र आणि वीज कंपनीच्या मंजुरीची लांबलचक वाट. हा सगळा खर्च शेवटी युनिटच्या दरातच शिरतो.

गणित साधं आहे. तासाभरात सात युनिटं, म्हणजे पंचवीस मैलांच्या आसपास, चाळीस किलोमीटर. इंग्लंडमधली सर्वसाधारण गाडी वर्षाला सुमारे सात हजार मैल धावते. रोजचे वीस मैल पडतात. म्हणजे भाजी-दूध-पीठ घेऊन येईपर्यंत एका दिवसाहून जास्त प्रवासाची वीज आत गेलेली असते. आठवड्याचं मोठं सामान, वाचनालय, मुलांचा पोहण्याचा तास असं धरलं की आठवड्याचा बराचसा भाग निघतो. गाडी दिवसाचे बावीस-तेवीस तास उभीच असते. चरून आलेलं जनावर झाडाखाली बसून रवंथ करतं, तशी ती उभ्या-उभ्या भरत राहिली तर तिच्यासाठी वेगळा वेळ काढावाच लागत नाही. त्या खांबांचं महत्त्व मला यात वाटतं. जलद चार्जरपाशी माणूस गाडीची वाट बघत थांबतो. मंद चार्जरपाशी आपण आपल्या कामाला जातो.

३० नोव्हेंबर २०१८ला टेस्को सुपरमार्केट, फोक्सवॅगन आणि चार्जर बसवणारी पॉड पॉइंट कंपनी यांनी मिळून घोषणा केली की सहाशे दुकानांत चार्जिंगच्या चोवीसशे जागा करणार, सात किलोवॅटची वीज फुकट आणि पन्नास किलोवॅटची पैसे देऊन. तोवर काही दुकानांपुढे एखाद-दुसरा खांब असायचा. या घोषणेनंतर दुकानापुढचा चार्जर ही नेहमीची गोष्ट झाली. केबल आपली आपण न्यायची, खांबाला लावायची, पंधरा मिनिटांच्या आत ॲपमध्ये नोंद करायची, नाहीतर वीज बंद. कार्डांचा गठ्ठा नको, नोंदणीची फी नको. माझ्या सासूबाई त्या दिवसांत नाशिकहून आल्या होत्या. केबल लावण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि परत जाईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

त्या खांबांपाशी ओळखी झाल्या. रात्रपाळी करून येणारी नर्स, टॅक्सी चालवणारे एक बांगलादेशी चाचा, निवृत्त शिक्षक, दोन मुलांना एकटीने वाढवणारी शिंपीण. यातल्या कुणाच्याही घरापुढे ड्राइव्हवे नव्हता. काचेवर चिठ्ठी ठेवायची, ‘साडेअकराला निघेन, गरज असेल तर या नंबरवर फोन करा.’ हा नियम कुणी केला नव्हता, तरी बहुतेक लोक तो पाळायचे. २०१७ मध्ये आमच्या सेंटर:एमके या मॉलमध्ये विजेच्या गाड्यांची माहिती देणारं खास केंद्र उघडलं होतं. ते छानच होतं, पण माझ्या इमारतीतल्या चार घरांनी विजेची गाडी घेतली ती दुकानापुढच्या या गप्पांतून. ‘भरतेस कुठे?’ या प्रश्नाला बोटाने दाखवता येईल असं उत्तर होतं.

जुने हिशेबही आहेत, आणि ते मनात ठेवण्यात अर्थ नाही.

पहिला हिशेब फुकट विजेशी. त्या विजेने या खांबांचं नाव खराब केलं, असं मी तेव्हाही म्हणत होते. घरी रात्रीच्या सवलतीत सात-आठ पेन्सला युनिट भरू शकणारे लोक, दारात स्वतःचा चार्जर असलेले लोक, सकाळी गाडी लावून संध्याकाळपर्यंत फिरकायचे नाहीत. ज्याला खरोखर गरज होती तो दोन चकरा मारून परत जायचा. पहिल्या दिवसापासून पंधरा पेन्स लावले असते आणि तीन तासांनंतर थोडा दंड आकारला असता, तर जागा मोकळ्या राहिल्या असत्या आणि दुकानालाही तोटा झाला नसता.

दुसरा हिशेब देखभालीशी. आमच्या जवळच्या खांबांपैकी निम्मे कधी ना कधी महिनोन्महिने बंद पडून असायचे. तक्रार केली की दुकान म्हणायचं कंपनीला सांगा, कंपनी म्हणायची दुकानाला सांगा. आत बिघडणारं फार काही नसतं. एखादा स्विच, एखादं सिमकार्ड. ज्या वस्तूची दुरुस्ती इतकी सोपी, तीच बंद ठेवायची आणि मग ‘कुणी वापरत नाही’ म्हणून काढायची, याचा मला आजही संताप येतो.

तिसरा हिशेब पेट्रोल पंपाच्या मनोवृत्तीशी, आणि तो सगळ्यात मोठा. शेलने २०१७ मध्ये न्यूमोशन ही चार्जिंगची कंपनी घेतली, बीपीने २०१८ मध्ये चार्जमास्टर ही. ज्यांचं आयुष्य पंप चालवण्यात गेलं त्यांना वीजही पंपासारखीच विकावीशी वाटणार: या, भरा, कॉफी घ्या, निघा. सरकारनेही तेच मोजमाप उचललं. २०२३च्या सार्वजनिक चार्जिंगच्या नियमांत जलद चार्जरांच्या जाळ्यासाठी ९९ टक्के वेळ चालू राहण्याची अट आली, नव्या चार्जरांवर बँकेच्या कार्डाने थेट पैसे देण्याची सक्ती आली, पण ती आठ किलोवॅट आणि त्यावरच्यांना. सातचा खांब दोन्हींतून सुटला. छोट्या दुकानदारावर बोजा नको हा विचार मला समजतो. पण चालू ठेवण्याची जबाबदारीच नाही म्हटल्यावर खांबांकडे कोण बघणार? एम-१ महामार्गावर लीड्सला निघालेल्याला जलद चार्जर हवाच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दूध आणायला आलेल्याला तो कशाला?

आणि मग २०२२. जूनमध्ये गाड्यांवरचं अनुदान बंद झालं. पाच हजारांवरून घटत घटत ते दीड हजारावर आलेलंच होतं. युक्रेनच्या युद्धाने वीज महागली. १ नोव्हेंबरपासून टेस्कोने पैसे घ्यायला सुरुवात केली, सात किलोवॅटला २८ पेन्स. वर्तमानपत्रांनी त्याला फुकटेगिरीचा शेवट म्हटलं. त्याच सुमारास सरकारने घरगुती विजेवर घातलेली मर्यादा युनिटला ३४ पेन्स होती. म्हणजे सवलतीचा दर नसलेल्या माणसाला दुकानासमोर गाडी भरणं घरापेक्षा स्वस्त पडत होतं, आणि तेही सार्वजनिक विजेवर २० टक्के कर असताना, घरच्या विजेवर तो ५ टक्के होता तेव्हा. फुकट्यांची गर्दी आठवड्याभरात ओसरली. उरलो आम्ही, ज्यांना ते खांब हवे होते ते. या व्यवस्थेची खरी घडी तेव्हा बसली होती! पण दुकानांनी रिकाम्या जागा मोजल्या आणि मागणी संपली असा अर्थ काढला. पॉड पॉइंटचा शेअर २०२१च्या नोव्हेंबरात २२५ पेन्सला बाजारात आला होता. २०२५ मध्ये ईडीएफ या वीज कंपनीने उरलेले शेअर साडेसहा पेन्सला घ्यायची तयारी दाखवली. सेन्सबरीज या सुपरमार्केटने २०२४च्या जानेवारीत स्वतःचं अतिजलद चार्जरांचं जाळं सुरू केलं. पैसा कुठे वळला ते स्पष्ट झालं.

पुण्याला भावाकडे गेले की हाच विषय निघतो. भारतात २०१८च्या डिसेंबरात ऊर्जा मंत्रालयाने सूचना काढल्या, तेव्हा प्रत्येक सार्वजनिक केंद्रात पाच प्रकारचे चार्जर सक्तीचे केले होते. पुढच्या ऑक्टोबरात ती सक्ती गेली हे फार बरं झालं. २०२१ मध्ये तर दुचाकी-तिचाकींसाठी तीन किलोवॅटच्या स्वस्त एसी चार्जिंग पॉइंटचं मानक आलं. त्याची किंमत साडेतीन हजार रुपयांच्या आत ठेवायची आणि तो किराणा दुकानापुढेही बसावा, ही कल्पना सरकारनेच मांडली होती. इंग्लंड दशकभर धडपडून जे शिकलं आणि सोडून बसलं, ते तिथे सुरुवातीलाच कागदावर होतं. कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांत पार्किंगवरून आधीच भांडणं. तिथे रात्री चार्जर लावायची परवानगी मिळवताना भावाची वर्षं गेली. त्याला एक्सप्रेस-वेवरच्या साठ किलोवॅटपेक्षा मंडईजवळच्या तीन किलोवॅटची जास्त गरज आहे.

आमच्या सुपरमार्केटला मी पत्र लिहिलं. दरवाजाजवळ चार जलद ठेवा, पण मागच्या रांगेत आठ मंद परत बसवा, दर तीस पेन्स घ्या, तीन तासांची मर्यादा घाला. उत्तर आलं की ग्राहकांची पसंती वेगाला आहे. ज्या ग्राहकांची पसंती त्यांनी विचारली त्यांत ती रात्रपाळीची नर्स नव्हती. तिची लीफ या हिवाळ्यात म्हातारी झाली. पंचाहत्तर पेन्सने भरायची तर मैलामागे वीस पेन्सच्या वर पडतात, पेट्रोलपेक्षा जास्त. तिने गाडी विकली आणि पेट्रोलची घेतली.